दागिना नेमका झिजतो कुठे? घरच्या घरी दागिने सांभाळण्याची पद्धत

माझ्या गळ्यातली साखळी तुटली तेव्हा ती अगदी चकचकीत होती. तुटलेली कडी भिंगाखाली धरली, तर फासा जिथे रोज घासायचा तिथे ती दोऱ्याएवढी बारीक झालेली. बाकी साखळी नव्यासारखी. दर महिन्याला मी ती घासूनपुसून लख्ख करत होते, आणि एवढ्या वर्षांत त्या एका कडीकडे एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

दागिन्यांची निगा म्हटली की आपल्याला आधी चमक आठवते. पण मळाने सोन्याचं काही बिघडत नाही. दागिने जातात ते सांधे झिजून, खडे सैल होऊन, एकमेकांवर घासून, आणि बरेचदा आपणच हौसेने केलेल्या साफसफाईमुळे. म्हणून इथे बघणं आधी ठेवलंय, धुणं नंतर.

पहिली पायरी: डबा रिकामा करा

टेबलावर पांढरा टॉवेल पसरा. पांढरा अशासाठी की निसटलेला बारीक खडा त्यावर दिसतो, आणि घरंगळत नाही. सगळे दागिने त्यावर मांडून चार ढीग करा.

पहिला ढीग सोनं आणि प्लॅटिनमचा: नुसते, किंवा हिरा, माणिक, नीलम असे टणक खडे असलेले. दुसरा चांदीचा. तिसरा पाण्याला आणि रसायनांना भिणाऱ्यांचा: मोती, पोवळं, ओपल, फिरोजा, पाचू, चिकटवलेले खडे, मागे चमकी पन्नी लावलेले खडे, आत लाख भरलेले पोकळ दागिने. चौथा मुलामा दिलेल्यांचा.

धातू ओळखायला बारीक शिक्के शोधा. अंगठीच्या आतल्या बाजूला किंवा फाशाजवळ ते असतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की उठून दिसतात. ९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं, म्हणजे २२ कॅरेट. ७५० म्हणजे १८ कॅरेट, ५८५ म्हणजे १४. चांदीवर ९२५ असेल तर ९२.५ टक्के चांदी, उरलेलं बहुधा तांबं. सोनं जितकं शुद्ध तितकं मऊ, त्यामुळे २२ कॅरेटची अंगठी १८ कॅरेटच्या अंगठीपेक्षा लवकर वाकते आणि लवकर ओरखडते.

एखादा दागिना कुठल्या ढिगात घालावा हे कळेना, तर तिसऱ्यात घाला. जास्त जपल्याने कुठलाच दागिना बिघडत नाही.

दुसरी पायरी: भिंग घेऊन बसा

हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि नेमकी हीच सगळे टाळतात. दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग घ्या. नसेल तर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो काढून तो मोठा करून पाहा.

साखळी असेल तर सुरुवात फाशापासून करा. फासा बंद केल्यावर नीट बसतो का? आतली स्प्रिंग ढिली तर नाही? मग फाशाला लागून असलेल्या दोन्ही कड्या पाहा. झीज तिथे सर्वांत जास्त होते, कारण रोजची ओढ तिथेच येते. कडी आतल्या बाजूने खोलगट झाली असेल, किंवा तिच्या तोंडाशी केसाएवढी फट दिसत असेल, तर ती साखळी आता गळ्यात घालू नका. कडी बदलून, नव्या कडीच्या तोंडाला डाग देऊन घेणं हे सोनाराचं थोड्या वेळाचं काम आहे. हरवलेली साखळी मात्र परत येत नाही. पदक अडकवलेलं असेल तर त्याच्या वरची कडीही बघा. ती साखळीवर दिवसभर सरकत असते.

अंगठीत खड्याला धरणारी नखं बघा. नवीन असताना त्यांची टोकं गोलसर फुगीर असतात आणि खड्यावर घट्ट टेकलेली असतात. झिजली की टोक सपाट होतं, मग पातळ, आणि शेवटी कपड्याच्या धाग्यात अडकायला लागतं. अंगठी एखाद्या मऊ, जाळीदार कापडावरून हलकेच फिरवा. धागा अडकला तर नख उचललेलं आहे. आणखी एक युक्ती: अंगठी कानाजवळ धरून बोटाने हलकेच टिचक्या मारा. सैल खडा बारीक टकटक करतो. आवाज आला, तर अंगठी बोटात न घालता डबीत ठेवा आणि डबी सोनाराकडे न्या.

अंगठी उलटी करून तळहाताकडची बाजूही पाहा. कडं तिथे सगळ्यात आधी पातळ होतं, कारण पिशवीचे बंद, गाडीचं हँडल, दाराची मूठ सगळं तिथेच घासतं. एकाच बोटात दोन अंगठ्या जोडून घालत असाल तर त्या एकमेकींना कापतात. एका अंगठीच्या हिऱ्याची कड शेजारच्या अंगठीवर टेकत असेल, तर काही वर्षांत तिथे चक्क खाच पडते.

कानातल्याच्या फिरकीचे आटे तपासा. फिरकी न फिरवता नुसती ओढून निघाली, तर आटे गेले. मोत्यांची माळ दोन्ही हातांत सैल धरा: मोत्यांमधून दोरा दिसायला लागला, किंवा गाठीजवळ तो मळकट आणि पिंजारलेला दिसला, तर माळ पुन्हा ओवून घ्यायची वेळ झाली.

रोज वापरातले दागिने महिन्यातून एकदा असे बघा. दहा मिनिटांचं काम आहे.

तिसरी पायरी: पहिला ढीग धुवा

बेसिनमध्ये काहीही धुवायचं नाही. किती खडे आणि फिरक्या त्या जाळीतून गेल्या असतील, देव जाणे. दोन वाडगे घ्या. एकात कोमट पाणी आणि भांडी घासायच्या सौम्य द्रव साबणाचे दोन-तीन थेंब, दुसऱ्यात नुसतं कोमट पाणी.

दागिने साबणाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं पडू द्या. मळ भिजून सैल होतो, मग घासावं कमी लागतं. त्यानंतर लहान मुलांचा मऊ ब्रश घेऊन खड्याची मागची बाजू घासा. पुढून हिरा स्वच्छ दिसतो आणि तरीही निस्तेज वाटतो, त्याचं कारण मागे साठलेला साबण, क्रीम आणि अंगाच्या तेलाचा थर असतो. हिऱ्याला पाणी धरत नाही, पण तेल-चरबी लगेच चिकटते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत चरबी फासलेल्या टेबलांवरून खडी आणि पाणी वाहू देत. दगड पुढे जात, हिरे चरबीला चिकटून राहत. आपल्या बोटातल्या हिऱ्यावर हाताला लावायचं क्रीम तसंच बसतं.

घासून झालं की दुसऱ्या वाडग्यात खळबळून घ्या, मऊ सुती कापडाने टिपा आणि टॉवेलवर दोन-तीन तास उघडं राहू द्या. साखळीच्या कड्यांत आणि खड्याच्या मागे पाणी लपून राहतं. ओलं तसंच डबीत घातलं की बाकीची मेहनत वाया. वाडग्यातलं पाणी ओतण्याआधी त्यात बोटं फिरवून तळ चाचपा.

टूथपेस्ट वापरू नका. तिच्यात दात घासण्यासाठी सिलिका किंवा कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड असते. टणकपणा मोजायची जी पट्टी फ्रीडरिश मोह्स यांनी १८१२ साली मांडली, तिच्यावर दाताचं आवरण ५ च्या आसपास येतं आणि सोनं अडीच ते तीनवर. दाताला चालणारी पूड सोन्याला ओरखडते. ब्लीचचा तर थेंबही नको. क्लोरीन सोन्यातल्या इतर धातूंवर हल्ला करतं, आणि निकेल मिसळलेल्या पांढऱ्या सोन्याची नखं त्यामुळे ठिसूळ होऊन तुटतात. उकळतं पाणीही टाळा. आत भेग असलेला खडा एकदम तापून एकदम निवला की तडकू शकतो.

प्लॅटिनमलाही हीच पद्धत. त्यावर ओरखडे दिसले तर हळहळू नका. ओरखड्यात प्लॅटिनम बरंचसं बाजूला सरकतं, सोन्यासारखं खरवडून जात नाही.

चौथी पायरी: चांदी

चांदी काळी पडते ती गंधकामुळे. हवेतल्या हायड्रोजन सल्फाइडशी तिचा संयोग होऊन वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. आधी पिवळसर, मग तपकिरी, शेवटी काळा. हा थर काढायचे दोन मार्ग आहेत, आणि दोघांत मोठा फरक आहे.

पॉलिश लावून घासलं की काळ्या थराबरोबर त्यात अडकलेली चांदीही जाते. दर वेळी थोडी थोडी. जुन्या भांड्यांवरची नक्षी पुसट झालेली असते ती यामुळेच.

दुसऱ्या मार्गात चांदी जागेवरच राहते. काचेच्या किंवा चिनी मातीच्या वाडग्याच्या तळाला ॲल्युमिनियमचा फॉइल कागद पसरा (कुठलीही बाजू वर चालते), त्यावर चांदीचे दागिने असे ठेवा की प्रत्येकाचा कागदाला स्पर्श होईल. साधारण एक लिटर गरम पाण्यात दोन मोठे चमचे खायचा सोडा विरघळवून ते वरून ओता. सोडा ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइडचा पापुद्रा काढतो, आणि मग ॲल्युमिनियम गंधकाला चांदीपासून सोडवतं. चांदी पुन्हा चांदी होते. पाच मिनिटांत कुजल्या अंड्यासारखा वास आला तर दचकू नका, तो सुटलेल्या गंधकाचा वायू. खिडकी मात्र उघडी ठेवा. दागिने काढा, साध्या पाण्यात धुवा, पूर्ण कोरडे करा.

आता माझी फजिती. काळपट ठेवलेल्या नक्षीची, म्हणजे ऑक्सिडाइज्ड म्हणतात तशा चांदीची, माझी कानातली होती. पानांच्या शिरांत काळा रंग भरलेला, म्हणूनच ती पानं उठून दिसायची. मी उत्साहाने तीही वाडग्यात टाकली. दहा मिनिटांनी बाहेर आली ती पांढरीफटक, सपाट, डब्याच्या झाकणातून कापल्यासारखी. तो काळा रंग मुद्दाम चढवलेलं सिल्व्हर सल्फाइडच होतं. तेव्हा अशा चांदीला, आणि मोती, फिरोजा किंवा चिकटवलेले खडे असलेल्या चांदीला ही आंघोळ घालू नये. ती नुसती मऊ कापडाने पुसायची.

रोज अंगावर असलेली चांदी डब्यातल्या चांदीपेक्षा उशिरा काळी पडते, कारण ती घासली जाते. आवडती चांदी वापरा, हा तिच्यावरचा सर्वांत सोपा उपाय.

पाचवी पायरी: तिसरा ढीग, म्हणजे नाजूक मंडळी

इथे आधी सवय बदलावी लागते. हवेतल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, आणि त्यांचा टणकपणा ७. मोती अडीच ते साडेचार, पोवळं ३ ते ४, फिरोजा ५ ते ६, ओपल साडेपाच ते साडेसहा. धुळीने माखलेला मोती कोरड्या कापडाने करकचून पुसणं म्हणजे त्यावर वाळू घासणं. आधी फुंकर मारा किंवा मऊ कोरड्या ब्रशने धूळ झटका, मग किंचित ओलसर कापडाने पुसा.

मोती मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे खडू आणि संगमरवर ज्याचे बनतात त्याचाच. आम्लाने तो खराब होतो. लिंबू, व्हिनेगर तर सोडाच, घाम आणि अत्तरही हळूहळू त्याची झळाळी खातात. माळ काढली की लगेच मऊ, ओलसर कापडाने एकेक मोती पुसा. माळ पाण्यात बुडवू नका. रेशमी दोरा ओला झाला की ताणतो, आणि भोकांत अडकलेला मळ आत जाऊन बसतो. पुसलेली माळ टांगून ठेवू नका, सपाट ठेवा. नेहमी वापरातली माळ वर्ष-दोन वर्षांनी ओवून घ्यावी, आणि दोन मोत्यांमध्ये गाठ मारूनच. गाठ असली की माळ तुटली तरी एखादाच मोती घरंगळतो, आणि मोती एकमेकांवर घासत नाहीत.

ओपलमध्ये बहुतेक वेळा ६ ते १० टक्के पाणी असतं. उन्हात, हीटरजवळ किंवा फार कोरड्या जागी तो राहिला तर जाळीदार तडे जाऊ शकतात. फिरोजा तेल शोषतो आणि निळ्याचा हिरवट होतो. पाचूच्या आतल्या भेगा लपवायला त्यात तेल किंवा राळ भरण्याची पद्धत आहे. गरम पाणी किंवा सोनाराकडचं ध्वनिलहरींचं यंत्र ते बाहेर काढतं, आणि काल दिसत नसलेल्या भेगा आज दिसायला लागतात. त्या यंत्रात साधारण ४० किलोहर्ट्झच्या लहरींनी बारीक बुडबुडे फुटतात. साध्या सोन्याला ते छान, या ढिगातल्या कशालाही ते नको. पन्नी लावलेल्या खड्यांमागे पाणी शिरलं की पन्नी काळी पडते आणि खडा मरतो. त्यावर घरी काही उपाय नाही. लाख भरलेल्या दागिन्यांना गरम पाणी आणि हेअर ड्रायर दोन्ही वर्ज्य.

मुलाम्याचे दागिने

त्यांचं आयुष्य मुलाम्याच्या जाडीवर. पातळ मुलामा अर्धा मायक्रॉन, जाड म्हटला तर अडीच मायक्रॉन. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन असतो, यावरून अंदाज करा. म्हणून घासायचं नाही, पॉलिशचं कापडही नाही. वापरून झाले की मऊ कोरड्या कापडाने घाम टिपायचा आणि ठेवून द्यायचे, एवढंच. पांढऱ्या सोन्यावर बहुधा ऱ्होडियमचा मुलामा असतो. रोजच्या अंगठीवरचा तो वर्ष-दोन वर्षांत विरतो आणि खालचं पिवळसर सोनं डोकावतं. ती फसवणूक समजू नका, पुन्हा मुलामा देता येतो.

घालताना आणि काढताना

क्रीम, अत्तर, केसांचा स्प्रे सगळं आधी. ते अंगावर सुकलं की मग दागिने. काढताना उलटं: आधी दागिने, मग कपडे, नाहीतर गळ्यातलं सदऱ्यात अडकतं आणि ओढलं जातं.

झोपताना साखळी काढा. व्यायामाच्या लोखंडी दांड्यांवर अंगठी वाकते, कडं अंडाकृती होतं आणि खडा सैल पडतो. पोहताना दुहेरी धोका: पाण्यात क्लोरीन, आणि गारठ्याने बोटं आकसून अंगठी नकळत सरकते. घरात पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर सगळ्यात आधी हातातलं सोनं काढून दूर ठेवा. पारा सोन्यात मुरतो, सोनं पांढरं पडून ठिसूळ होतं, आणि ते पुसून निघत नाही.

अंगठी काढून ठेवायची जागा घरात एकच ठरवा, बेसिनपासून लांब. "इथेच तर ठेवली होती" या वाक्यात हरवलेल्या अंगठ्या झिजलेल्या अंगठ्यांपेक्षा नक्कीच जास्त असतील.

ठेवताना

एका डब्यात सगळं कोंबलं की टणक खडा मऊ खड्याला कोरतो. हिरा १०, माणिक आणि नीलम ९, त्यांच्यासमोर मोत्याचा काय पाड. प्रत्येक दागिन्याला वेगळी मऊ पिशवी किंवा वेगळा कप्पा हवा.

बारीक साखळी शीतपेयाच्या नळीतून ओवून फासा लावून ठेवली तर गुंतत नाही. गुंतलीच, तर ओढू नका. सपाट काचेवर ठेवा, गाठीवर चिमूटभर टाल्कम पावडर टाका आणि दोन सुयांनी गाठ आतून बाहेर सैल करत न्या. नंतर साबणाच्या पाण्यात धुवा.

चांदी झिपच्या पिशवीत, हवा दाबून काढून, जवळ काळेपणा रोखणारा कागदाचा तुकडा ठेवून. रबरबँड, लोकरीचं कापड किंवा फेल्टचं अस्तर चांदीजवळ नको. त्यांतला गंधक तिला काळं करतो. मोती आणि ओपलचं याच्या उलट: हवाबंद प्लास्टिक नको, ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी तर अजिबात नको. सुती किंवा रेशमी पिशवी पुरे. तिजोरीत वर्षानुवर्षं पडून असतील तर अधूनमधून बाहेर काढा, घाला. जांभळा अॅमेथिस्ट उन्हात फिका पडतो, त्याला खिडकीजवळ ठेवू नका.

सोनाराकडे नेताना

वर्षातून एकदा रोजचे दागिने दाखवून आणा. नेण्याआधी प्रत्येकाचा पुढून-मागून फोटो काढा, आणि वजन तुमच्या समोर, आधी आणि नंतर, दोन्ही वेळा करायला सांगा. पॉलिश म्हणजे वरचा थर खरवडणं. दर वेळी थोडं सोनं जातं आणि नखं आणखी पातळ होतात. म्हणून "चमकवून द्या" असं मोघम सांगू नका. "सांधे बघा, खडे घट्ट करा, धुवून द्या, पॉलिश नको," असं स्पष्ट सांगा. खडे कुठले आहेत, कशात तेल भरलंय, काय चिकटवलेलं आहे हेही आपण होऊन सांगा.

आणि एवढं करूनही खडा पडलाच, तर लगेच झाडू मारू नका. ज्या जागी पडल्याचा संशय आहे तिथून कुणाला चालू देऊ नका. खोलीतले दिवे बंद करा, टॉर्च जमिनीवर आडवा ठेवा आणि हळूहळू फिरवा, खडा लुकलुकतो. मिळाला नाही तर व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीच्या तोंडावर पातळ मोजा रबरबँडने बांधून कोपरे ओढा, म्हणजे खडा मोज्याला चिकटेल, आत जाणार नाही. मिळालेला खडा कागदाच्या घडीत ठेवा, घडी डबीत, आणि डबी अंगठीसोबतच न्या. नख का सुटलं ते अंगठी पाहूनच कळतं.